आधी केटल दाखवा

ऑफिसातल्या माझ्या पहिल्याच दिवशी, कँटीनच्या रांगेत, त्यांनी मला विचारलं, "तुमचा सीव्ही किती जुना आहे?"

मी नुकतीच ठाण्याहून नेदरलँड्समधल्या आर्नहेमला आले होते. नवी नोकरी, नवा देश, आणि शेजारी उभा पन्नाशी उलटलेला, भर ऑफिसात कानटोपी घातलेला मराठी माणूस. मी नम्रपणे म्हणाले, "नाही सर, जुना नाही. आत्ताच अपडेट केलाय."

"छान. सर्व्हिसिंग कोणाकडून?"

"कोणाकडून म्हणजे? माझं मीच करते."

त्यांच्या हातातला ट्रे हलला. सूप सांडलं. "स्वतः? उघडून?"

"हो. लॅपटॉपवर."

या देशात सीव्ही म्हणजे फक्त नोकरीसाठी पाठवायचा कागद नव्हे, हे ज्ञान मला त्या सांडलेल्या सुपापाशी झालं. इथे घर गरम ठेवणाऱ्या सगळ्या व्यवस्थेलाही सीव्ही म्हणतात, आणि गॅसवर चालणारी जी पांढरी पेटी घरातल्या कुठल्यातरी कपाटात लटकत असते, तिला म्हणतात केटल. चहाशी तिचा काही संबंध नाही. मग मला आठवलं, की घरमालकाच्या एजंटाची 'सीव्हीची देखभाल' अशा विषयाची मेल आली होती आणि मी तिला माझा बायोडेटा जोडून तत्परतेनं उत्तर पाठवलं होतं. एजंटानं आभार मानले होते. मी ही गोष्ट त्यांना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी माझा पत्ता विचारला.

शनिवारी ते सपत्नीक दारात हजर. मी आपली संस्कारी मुलगी, पाणी आणलं, "चहा ठेवू का?" म्हणाले.

"चहा नंतर. आधी केटल दाखवा."

मी ओट्यावरची विजेची किटली दाखवली. काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांना हा प्रवेश पाठ असावा, कारण त्या न विचारता सोफ्यावर बसल्या, पिशवीतून विणकाम काढलं आणि मला म्हणाल्या, "तू बस गं. त्यांना सापडेल."

पुढच्या काही वर्षांत मी हे दृश्य आर्नहेम आणि आसपासच्या बहुतेक मराठी घरांत पाहिलं. लोक देवाला नमस्कार करतात, बाळाचं कौतुक करतात, नवा टीव्ही पाहून "केवढ्याला?" विचारतात. हे थेट जिन्याखालच्या कपाटाकडे. कपाटाचं दार उघडायचं, पुढे कोंबलेल्या बॅगा, व्हॅक्यूम क्लीनर आणि तांदळाची पोती बाजूला करायची, आणि मग कमरेवर हात ठेवून त्या पेटीकडे पाहत उभं राहायचं. हात लावायचे नाहीत. इथे गॅसच्या केटलला प्रमाणपत्र असलेल्या कंपनीच्या माणसानंच हात लावायचा असा कायदा आहे आणि ते कायदा पाळणारे होते. फक्त बघायचे. धूर बाहेर नेणारा पाइप नीट बसलाय का, कुठे काजळीचा डाग आहे का, खाली पाणी ठिबकतंय का, शेवटचं सर्व्हिसिंग झाल्याचं लेबल कधीचं आहे. दाबाच्या काट्याबद्दल त्यांचं एक वचन होतं. "काटा एक आणि दोनच्या मध्ये हवा. खाली गेला तर पाणी पाजा, वर गेला तर माणूस बोलवा." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की नव्यानं आलेल्या एका पोरानं ते रक्तदाबाबद्दल समजून आईला पुण्याला कळवलं होतं.

ऑफिसात ते टेस्टर होते. आम्ही वीज आणि गॅसच्या बिलांचं सॉफ्टवेअर करायचो आणि ते त्यात चुका शोधायचे. काही माणसं नोकरी ऑफिसात ठेवून घरी जातात. त्यांना ते जमलं नाही. जगातली प्रत्येक वस्तू कधीतरी बिघडणार, आणि ती बिघडेल तेव्हा बाकीचे लोक फोनवर रील बघत असणार, हा त्यांच्या आयुष्याचा पाया होता. आता खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी बरोबरच आहेत, पण जेवणाच्या ताटावर ऐकायला बऱ्या वाटत नाहीत.

त्यांच्या जानव्याला एक छोटी पितळी किल्ली होती. खोली गरम करणाऱ्या रेडिएटरमध्ये हवा अडकली की ती सोडायला लागते, ती. जुन्या काळी लोक तिजोरीची किल्ली जानव्याला बांधत म्हणे. यांची तिजोरी म्हणजे दुसऱ्याच्या घरातला रेडिएटर. तुमच्याकडे गप्पा मारता मारता कुठे गुडगुड आवाज आला, की ते शर्टाच्या गळ्यात हात घालत आणि ओणवे होत. पुण्याहून आलेल्या एका आजींनी एकदा ते पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, परदेशात राहून एवढी संध्या करतो हो हा!" कोणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

एवढं वेड लागायला काहीतरी घडलेलं असणार, असं सगळ्यांना वाटे. कोणी म्हणे त्यांचा मित्र गेला, कोणी म्हणे ते स्वतः थोडक्यात वाचले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या एका सहलीत मी सरळ विचारलं. ते जरा बुचकळ्यात पडले. "घडलं काही नाही. घर घेतलं तेव्हा केटलबरोबर पुस्तिका आली होती. ती मी वाचली."

"एवढंच?"

"पूर्ण वाचली."

आपल्यापैकी दुसऱ्या कोणी ती वाचली नव्हती, एवढाच काय तो फरक.

त्यांच्या स्वतःच्या केटलचं सर्व्हिसिंग वर्षातून एकदा होई, आणि तो दिवस काकू लायडनला लेकीकडे घालवत. कंपनीचा मॉन्टर, म्हणजे मेकॅनिक, येई. बिचारा कॉफी पिऊन, काम उरकून पुढच्या घरी जायच्या बेतात असे. हे त्याच्या मागे टॉर्च धरून उभे. "हे का उघडलं नाही? हा रबर बदलणार का? वायूचं मोजमाप केलंत, तो आकडा मला दाखवता का?" डच माणसं स्पष्टवक्ती म्हणून प्रसिद्ध आहेत, पण सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसासमोर तीही लाजतात. एकच मॉन्टर त्यांच्या घरी दुसऱ्यांदा आल्याचं ऐकिवात नाही.

त्यांचं खरं भांडण होतं ते आपल्या लोकांच्या नाकाशी. आपण सिलिंडरवर वाढलेली माणसं. गॅसची सुरक्षितता म्हणजे आईनं झोपण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "वास येतोय का गं?" असं विचारणं. नाही म्हटलं की दिवा बंद. इथेही प्रत्येक घरात त्यांना हेच उत्तर मिळे. "अहो सर, वास येत नाही. म्हणजे सगळं ठीक आहे." मग ते खुर्ची ओढून बसत. केटलमध्ये ज्वलन नीट झालं नाही की जो वायू होतो, तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस म्हणतो, जरा पडतो. "सिलिंडर निदान सांगून मारतो," ते म्हणत. "हा बिनवासाचा. ज्याला वास नाही त्याच्यावर विश्वास नाही." हे वाक्य त्यांनी एका साखरपुड्यात, एका मुंजीत आणि दिवाळीच्या फराळाला ऐकवलेलं मला ठाऊक आहे. लोक मान डोलवत आणि चकली पुढे करत.

एका संक्रांतीला त्यांनी काकूंना वाण काय आणावं याचा विचार करू दिला नाही. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक सवाष्णीच्या हातात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पडला. "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि हे भिंतीवर लावा," काकू दात आवळून म्हणत होत्या. आमच्यातल्या एकीनं तो डबा न उघडताच पुढच्या वर्षी दुसरीला वाण म्हणून दिला. तो असाच फिरत फिरत शेवटी काकूंकडेच परत आला. मंडळात पुनर्वापराची एवढी चांगली सोय दुसऱ्या कशाची झाल्याचं मला आठवत नाही.

आणि लावला तरी उपयोग काय? इथल्या मराठी घरातला अलार्म ही एक वेगळीच संस्था आहे. धुराचा अलार्म घरमालकानं लावलेलाच असतो. आपण तेलात मोहरी टाकली, वर हिंग, मिरची, की तो बोंब ठोकतो. मग घरातलं एक माणूस पंचा घेऊन त्याच्याखाली वारा घालतं, दुसरं खिडकी उघडतं, तिसरं शेजारणीला खिडकीतूनच "सॉरी, सॉरी" म्हणतं. फारच झालं की खुर्चीवर चढून बॅटरी काढायची. इथे वाढलेल्या मुलांना तर मोहरी तडतडणं आणि अलार्म वाजणं हे एकाच पाककृतीतले दोन टप्पे वाटतात. आमच्या ओळखीतली एक मुलगी शाळेत सांगून आली होती, की आमच्याकडे जेवण तयार झालं की सायरन वाजतो. भोंगा वाजला की फोडणी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं कारण सुचतच नाही.

सई, त्यांची एकुलती एक लेक. लायडनला नोकरी करायची. तिच्यासाठी काकूंनी एक स्थळ शोधलं होतं. मुलगा मूळचा कोथरूडचा, इथे चांगला स्थिरावलेला, पत्रिका जुळलेली. मंडळी घर बघायला गेली. मुलाची आई स्वयंपाकघर दाखवतेय, बाल्कनी दाखवतेय, आणि हे विचारताहेत, केटल कुठंय? केटल एका कपाटात पार दडपलेला, हवा यायच्या जाळीवर थंडी वाजते म्हणून चिकटपट्टी मारलेली. यांनी पोहे येण्यापूर्वी ते कपाट रिकामं करायला लावलं. दिवाणखान्यात घरच्यांच्या बॅगा, जुने बूट, लपवून ठेवलेली बाटली, असं सगळं मांडलं गेलं. पोहे आले, पण कोणाच्या घशाखाली उतरले नाहीत. काकूंनी बाहेर "पत्रिकेत मंगळ निघाला" असं सांगितलं. सई मात्र खूश दिसली, कारण तिनं आपलं आधीच ठरवलेलं होतं.

मुलाचं नाव निखिल. लायडनच्या सायन्स पार्कमध्ये संशोधन करायचा. नागपूरचा, बौद्ध कुटुंबातला. काकू आधी रडल्या. मग पुण्याहून दिरांनी फोनवर "आता हेच बघायचं राहिलं होतं" असं काहीतरी म्हटलं, तशा चिडल्या, आणि त्या रागात पूर्ण निखिलच्या बाजूच्या झाल्या. माणसाचं मन असं कशानंही वळतं. यांना जेव्हा सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लायडनला भाड्याचं घर आहे? केटल कुठल्या वर्षाचा?"

"अहो, मी जातीचं सांगतेय," काकू म्हणाल्या.

"जातीचं सर्व्हिसिंग होत नाही. ती आपण बसवलेली नाही. तिच्यात कशाला डोकं घालू?" असं म्हणून ते पेपर वाचू लागले. मला ते फार आवडलं. पण काकूंचा चेहरा पाहून मी तसं दाखवलं नाही.

निखिलचे आईवडील हिवाळ्यात लेकाकडे राहायला आले होते, आणि रविवारी दुपारी जेवायला यायचं आमंत्रण आलं. वडील हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ताठ माणूस. सईनं आईला आधीच फोन करून सांगितलं होतं, "आई, बाबांनी तिथे जाऊन कपाटं उघडली तर संपलं. ते लोक काय समजतील? निखिलच्या बाबांनी जन्मभर लोकांची तपासणी सोसलीय. कुठे बसायचं, कुठल्या भांड्यातून प्यायचं. आता मुलीचा बाप येऊन त्यांच्या घरात नाक खुपसत फिरला, तर ते केटल बघतायत असं कोणाला तरी वाटेल का?"

ती बोलली ते शंभर टक्के खरं होतं. काकूंनी यांना समोर बसवलं आणि सईच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. केटल हा शब्द काढायचा नाही. कुठलंही दार उघडायचं नाही. बाथरूमला जायचं तरी विचारून जायचं. ते "बरं" म्हणाले, पण एखाद्याला उपास घडावा तसा चेहरा केला. गाडी माझी होती, म्हणून मलाही नेलं. काकूंनी माझं काम ठरवून दिलं होतं. "तू त्यांच्या शेजारी बस. तोंड उघडलं की पाय दाब."

दारात हेडमास्तर स्वतः आले. "जय भीम," ते म्हणाले. काकू "नमस्कार" म्हणावं की काय या विचारात असतानाच हे मोठ्यांदा "जय भीम" म्हणाले आणि आत जाऊन ठरल्याप्रमाणे सोफ्यावर बसले. हात मांडीखाली. घर लहान, नीटनेटकं. बुद्धाची एक मूर्ती, पुस्तकं, आणि पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून हीटिंग इतकं चढवलेलं, की मी स्वेटर काढला. जिन्याशेजारी एक कपाट होतं. त्यांची मान तिकडे वळे आणि मी पाय दाबे. एकदा तर त्यांनी डोळेच मिटून घेतले.

गप्पा मात्र चांगल्या चालल्या होत्या. काकू डोकं दुखतंय म्हणत होत्या आणि दोष माझ्या गाडी चालवण्याला देत होत्या. हेडमास्तर म्हणाले, "मलाही इथे आल्यापासून रोजच जड वाटते. घरात बसलं की गुंगी. कालव्याच्या काठी चक्कर मारून आलो की एकदम ताजातवाना. इथली हवा मोठी चांगली आहे हो." माझ्या पायाखालचा त्यांचा पाय उचलला जाऊ लागला. मी आणखी दाबला.

निखिलच्या आईनं पाटोडीचा रस्सा, भरली वांगी, गोळाभात असं सगळं केलं होतं. आम्ही सगळे जेवायला बसलो. पहिला घास घेतला असेल नसेल, आणि भिंतीवर भोंगा वाजला.

पुढे जे झालं ते इतकं सराईतपणे झालं, की मंडळाच्या समूहनृत्याला कधी इतकी जुळवणी साधली नाही. निखिलची आई "अगं बाई, हे मेलं!" म्हणत पंचा घेऊन धावली. काकूंनी ओढणी काढली आणि त्याही वारा घालू लागल्या. दोन्ही विहिणी शेजारी शेजारी उभ्या राहून एकाच भोंग्याला वारा घालताहेत, हे पाहून मला वाटलं, जमलं बाई लग्न. निखिल खुर्ची ओढत म्हणाला, "सॉरी काका, हा रोजच वाजतो. बॅटरी काढूनच ठेवली होती. तुम्ही येणार म्हणून सई म्हणाली, परत घाल."

हे हलले नाहीत. घास हातात तसाच. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वहिनी, फोडणी कधी घातलीत?"

मी पाय दाबला. त्यांनी तो हळूच काढून घेतला.

"सकाळीच उरकल्या सगळ्या," निखिलची आई ओशाळून म्हणाली. "तुमच्यासमोर हे भोंगं नको म्हणून तर. आता फक्त ओव्हनमध्ये गरम केलंय."

"मग हा कशाला ओरडतोय?"

पंचा थांबला. भिंतीवर दोन पांढऱ्या डब्या होत्या. एक घरमालकाची, धुराची. दुसरी सईनं आणून लावलेली. ओरडत होती ती दुसरी.

ते उठले. मी त्यांना असं उठताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी खिडक्या उघडल्या, थर्मोस्टॅट पार खाली आणला, आणि म्हणाले, "सगळे बाहेर. कोट घेऊ नका. निखिल, आपत्कालीन नंबर लाव, कार्बन मोनॉक्साइड म्हणून सांग. चला." सईनं होणाऱ्या सासूला धरलं. काकू, निखिल, सगळे मोज्यांवर रस्त्यात. मी दाराच्या उंबऱ्यात पोचले आणि मागे पाहिलं.

हेडमास्तर ताटावर बसूनच होते.

"आमच्या घरातून आम्हालाच उठवणारे तुम्ही कोण?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट. "आल्यापासून बघतोय मी. नजर सगळी त्या कपाटावर. काय शोधत होता? जन्मभर लोकांनी आमची घरं बाहेरूनच पारखली. तुम्ही आत आलात, जेवायला बसलात, मला वाटलं, हा माणूस वेगळा आहे. आणि पहिल्या घासाला उठवता?"

आता हे व्याख्यान देणार, असं मला वाटलं. वासाचं, विश्वासाचं, जळण्याच्या रसायनशास्त्राचं. मला यांचा भयंकर राग आला होता. सईचं लग्न मोडताना मला समोर दिसत होतं. मास्तरांना ओढून आणावं तर त्यांचा हात धरण्याइतका माझा हक्क नव्हता. भोंगा किंचाळत होता.

ते मागे फिरले. परत येऊन आपल्या जागेवर बसले. ताट पुढे ओढलं आणि पाटोडी रश्श्यात बुडवली. हात इतका कापत होता, की रस्सा शर्टावर सांडला.

"अहो!" बाहेरून काकूंची किंकाळी आली. "अहो, बाहेर या!"

हेडमास्तर त्या हाताकडे बघत होते. "घाबरलात?"

"फार."

"मग जात का नाही?"

"पंगतीतून एकट्यानं उठत नाहीत, मास्तर."

पंगत म्हणजे काय, हे त्या माणसाला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. कोण कोणाच्या पंगतीला बसतं, कोण उठून जातं, कोणाला वेगळं बसवतात. मग मास्तरांनी ताटाला हात लावून नमस्कार केला, यांनीही केला, आणि दोघं एकदम उठले. मास्तरांचा तोल गेला. यांनी दंड धरला. मी दुसऱ्या बाजूनं धरलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा मी रडत होते, आणि ते थंडीमुळे झालं असं मला म्हणायचं नाहीये.

अग्निशमन दलाचे लोक आले. त्यांनी हातातलं यंत्र दारातून आत नेलं आणि ते तिथेच बोंबलू लागलं. जिन्याशेजारच्या त्या कपाटात, केटलमधून धूर बाहेर नेणारा पाइप सांध्यातून निसटला होता. धूर बाहेर जायचा तो घरातच पसरत होता. केटलवर लेबल मात्र सर्व्हिसिंग झाल्याचं होतं, आणि फोनवर एजंट तेच लेबल परत परत वाचून दाखवत होता. निखिलनं सांगितलं, की एक माणूस आला होता, लेबल चिकटवून, "झालं" म्हणून गेला. मागे टॉर्च धरून उभं राहणारं त्या घरात कोणी नव्हतं. ॲम्ब्युलन्समधल्या मुलीनं आम्हा सगळ्यांना तपासलं, मास्तरांना ऑक्सिजन दिला, आणि अजून काही दिवस असेच गेले असते तर काय झालं असतं, ते डच पद्धतीनं अजिबात साखर न लावता सांगितलं.

सगळा रस्ता खिडक्यांतून बघत होता. हे एका बाजूला उभे होते, रश्श्यानं माखलेला शर्ट, एका पायातला मोजा ओला. सईच्या गळ्याची शपथ मोडली असं त्यांना वाटत असावं, कारण ते तिच्याकडे बघायचं टाळत होते. सई आली, त्यांना बिलगली. तरी त्यांची नजर मास्तरांवर.

मास्तर ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसलेले. अंगाभोवती चंदेरी चादर. त्यांनी मास्क खाली केला.

"सईचे बाबा."

"बोला."

"मुलाकडचे म्हणून आम्हीही तुमचं घर बघायला येणार."

"या ना."

"सगळी कपाटं उघडणार," हेडमास्तर म्हणाले. "एकही सोडणार नाही. वरून खालपर्यंत बघणार."

काकूंनी माझा हात घट्ट धरला. सईच्या बाबांचे डोळे भरून आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी आधी नुसती मान हलवली.

"उघडा," ते म्हणाले. "सगळी उघडा."